निंगप्पांनी जोडलेली गाडी

मी तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेच्या ऑफिसात दाखला न्यायला आलेले पालक दारातूनच वाकून बघतात, खुर्चीत ऋतुजा मॅडम आहेत की दुसरं कुणी. आयुष्यात मी बऱ्याच जणांना बोलले आणि बहुतेकांची ती लायकी होती. एकाची नव्हती. त्या निंगप्पांबद्दल हे लिहिते आहे.

माझे वडील आबासाहेब सत्तावीस वर्षं ट्रकवर ड्रायव्हर होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी भरायच्या, की निघाले हैदराबाद, बेंगळुरू, कधी पार नागपूर. दोन वर्षांपूर्वी शुगरपायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पाय गेला ते त्यांनी सोसलं. गाडी गेली ते मात्र सोसवलं नाही. दिवसभर खिडकीजवळच्या कॉटवर बसायचे, आणि रस्त्यावरून ट्रक गेला की तोंड भिंतीकडे करायचे. उद्या दवाखान्यात जायचंय म्हटलं तर नुसतं "बघू". उद्या हा शब्दच त्यांच्या तोंडातून गेला होता. माझी आई, मथुराबाई, घरी टॉवेलच्या कडा शिवते. तिच्या मशीनचा काय तो घरात आवाज.

आमच्या शाळेतले कॉम्प्युटरचे सर अनीश यांनी एकदा मला ट्रकचा गेम दाखवला. हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक आणि रेस, समोर घाटाचा रस्ता. गिअर ऑटोमॅटिकवर ठेवला तर डाव्या पायाला कामच नाही. ते ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिथल्या तिथे ठरवलं, आबांना हे घ्यायचं. बजेट माझं बेताचंच होतं. सरांनी इंटरनेटवर बघून त्यासाठी लागणाऱ्या कॉम्प्युटरच्या सुट्या पार्टांची यादी करून दिली आणि म्हणाले, जोडून घ्यायचा तर निंगप्पांकडेच जा.

निंगप्पांचं दुकान म्हणजे यंत्रमागाच्या दोन शेडमधल्या बोळात पत्र्याची एक खोली. माणूस पन्नाशीचा, घरची भाषा कानडी, शर्टाच्या खिशाला कायम स्क्रू-ड्रायव्हर. वीस वर्षं ते मागावर जॉबर होते, म्हणजे माग अडला की त्याला चालता करणारा माणूस. एकदा शेडमधला डिझाइनचा कॉम्प्युटर बंद पडला. मालक बाहेरगावच्या इंजिनिअरची वाट बघत बसले, आणि यांनी तो उघडून आतला मूठभर कापूस काढला, लावला, सुरू केला. पुढे शेड बंद झाली तेव्हा घरी रडत न बसता त्यांनी एक टेबल टाकलं आणि हेच काम धरलं. शिकले कुठे विचारलं तर म्हणतात, माग काय आन् हे काय, कुठं अडलंय ते कान देऊन ऐकायचं.

मी यादी पुढे केली. त्यांनी पैशांचं काहीच विचारलं नाही. कोण खेळणार, ठेवणार कुठं, दुपारी लाइट जाते का, शेजारी माग आहे का, खोलीला पत्रा आहे की स्लॅब. माझं डोकं फिरलं. तुम्हाला सामान द्यायचंय की सोयरीक जुळवायचीय, असं मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "निधान, अक्का." निधान म्हणजे कानडीत सावकाश. हा त्यांचा लाडका शब्द.

मग मी आबांचं सगळं सांगितलं. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न केला, आबा कुठली गाडी चालवायचे. दहाचाकी, मी म्हटलं. त्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत यादीवर काट मारायला लागले. काचेचा कॅबिनेट गेला. रंगीबेरंगी लाइटवाले पंखे गेले. प्रोसेसर एक पायरी खाली आला. वाचलेलं सगळं त्यांनी ग्राफिक कार्डावर आणि पॉवर सप्लायवर घातलं. मला तो काचेचा कॅबिनेटच आवडला होता, म्हणून मी नाक मुरडलं. तर म्हणाले, ट्रक घेताना इंजिन आन् चेसी बघतो आपण, मागं रंगवलेला मोर न्हाय बघत. नवा मॉनिटरही घेऊ दिला नाही, घरचा टीव्ही मोठा आहे, आबांच्या डोळ्यांना तोच बरा म्हणाले. स्टिअरिंग नवं परवडत नव्हतं. त्यांनी कॉलेजच्या एका पोरीकडचं थोडं वापरलेलं शोधून आणलं, पूर्ण खोललं, साफ केलं आणि पेडलला हात लावून दहादा दाबून बघितलं.

सगळं जोडून झालं तरी मशीन द्यायला तयार नाहीत. नवा माग बसवला की जॉबर तो काही दिवस स्वतः चालवून बघतो आणि मगच कामगाराच्या हाती देतो, ही शेडची रीत त्यांनी दुकानातही ठेवली होती. तीन दिवस, भर दुपारी, पत्र्याखाली मशीन चालू. एप्रिल महिना, बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. सोलापूरचं ऊन खाऊ दे आधी, म्हणाले. मी रोज जाऊन भांडले. माणूस ढिम्म हलला नाही.

चौथ्या दिवशी गाडी घरी आली. गाडीच म्हणते, कारण आईने तिची तशीच पूजा केली. हळदकुंकू, नारळ, स्टिअरिंगला झेंडूचा हार, दाराला लिंबू-मिरची. मग तिने स्वतः कड शिवलेला कोरा करकरीत टॉवेल काढला आणि पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात तसा कॅबिनेटच्या अंगावर घातला. आमच्याकडे टीव्हीवर टॉवेल, फ्रीजवर टॉवेल, मिक्सरवरसुद्धा टॉवेल. शेजारच्या शेडमधून कापूस उडत येतो, तो बसू नये म्हणून. मी हे सगळं उघड्या डोळ्यांनी बघितलं आणि मला त्यात काही खटकलं नाही.

आबा बसायलाच तयार नव्हते. हे पोरांचं खेळणं, म्हणाले. आईने आर्जवं केली, मी चिडले, शेवटी घरात शांतता नांदावी म्हणून बसले. स्टिअरिंगला हात लागला आणि त्यांचा खांदा हलकेच वर आला, ट्रकमध्ये बसल्यावर यायचा तसा. शहरातून गाडी सरळ बाहेर काढली. हायवेला लागले. घाट सुरू झाला. मधल्या वळणावर त्यांनी सवयीने हॉर्न दिला, आणि आई तोंडाला पदर लावून आत गेली. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. घाटाच्या ऐन चढावर पडदा काळा झाला. पुन्हा लावलं, पाच मिनिटांत पुन्हा बंद.

आबांनी हात मांडीवर ठेवले. चिडले नाहीत, तेच जास्त लागलं मला.

"ऱ्हाऊ दे पोरी," ते म्हणाले. "गाडीच नको म्हणायला लागली."

आणि कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. मला माहीत होतं, आता हा माणूस पुन्हा त्या खुर्चीवर बसणार नाही. मोठ्या मुश्किलीने एकदा बसला होता.

मी स्कूटी काढली आणि थेट त्या बोळात गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी निंगप्पांना वाट्टेल ते बोलले. जुना माल गळ्यात मारला म्हणाले, एका अपंग माणसाला फसवलं म्हणाले, तुमची तीन दिवसांची नाटकं कळली म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गिऱ्हाइकांना थांबायला सांगून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि माझ्या मागोमाग मोटरसायकलवर घरी आले.

आत आले आणि दारातच थांबले. त्यांना एका नजरेत कळलं असणार. कॅबिनेटजवळ गेले, टॉवेल उचलला. खालचा पत्रा हाताला चटका बसेल इतका तापला होता. मशीनचा श्वासच कोंडला होता, आतून उष्ण हवा जायला वाटच नव्हती.  दार धरून आई उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. आता निंगप्पा बोलणार, आणि तिला कळणार की नवऱ्याची गाडी घाटात तिनेच बंद पाडली.

निंगप्पांनी टॉवेलची कड बोटांमध्ये धरून बघितली, जॉबर बघतो तशी, उलटी-सुलटी.

"शिलाई कुणाची, वहिनी? एक टाका चुकला न्हाय," ते म्हणाले. "चूक माजी हाय. मागाशेजारच्या घराला मशीन दिलं आन् कापसाला जाळी दिली न्हाय. तुमी झाकणार न्हाय तर काय करणार?"

मग ते कॉटपाशी गेले आणि तो टॉवेल आबांच्या खांद्यावर टाकला. "ह्यो मशीनच्या अंगावर न्हाय, ड्रायव्हरच्या खांद्यावर पायजे. चला आबा, गाडी घाटात उभी हाय, मागं लाइन लागली आसंल."

आबा भिंतीकडून वळले. मग टॉवेलने तोंड पुसलं, तो पुन्हा खांद्यावर टाकला आणि कुबडी मागितली.

निंगप्पांनी मोटरसायकलच्या पिशवीतून बारीक जाळी काढून आणली, माझ्याकडून कात्री घेतली, कापून कॅबिनेटच्या पुढे बसवली. आता ही दर रविवारी झटकायची, हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. मग स्टूल ओढून आबांच्या डाव्या हाताला क्लीनर बसतो तिथे बसले आणि टेबलावर दोनदा थाप मारली. ट्रकच्या पत्र्यावर क्लीनर दोनदा मारतो ना, चला म्हणून, तशी. दुकान अर्धं उघडं, गिऱ्हाइकं खोळंबलेली, आणि हा माणूस तीन तास आमच्या घरात क्लीनर होऊन बसला. घाट संपला, ढाब्यावर गाडी लागली, हैदराबाद आलं. गोदामात गाडी मागे घेताना तर ते स्टुलावरून उठून टीव्हीशेजारी उभे राहिले, हात हलवत. येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा, येऊ द्या, बास. आबांनी एका दमात लावली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

मी त्यांना आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. माफी मागायची तर मला सवय नाही. चुकलं माझं, एवढंच कसंबसं म्हटलं. निधान, अक्का, म्हणाले आणि गेले. त्या माणसाने माझ्या वडिलांना खुर्चीवर परत बसवलं, आणि माझ्या आईला आयुष्यभराच्या टोचणीतून वाचवलं. तिला आजतागायत वाटतं की जाळी नव्हती म्हणून बंद पडलं. मी जन्मभर त्यांची ऋणी आहे आणि हे मी त्यांच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर जाऊन, मोठ्याने सांगूनही आले.

त्या दिवशी मी घरात परत आले तेव्हा आई शिलाई मशीनवर बसली होती. आबांनी स्टिअरिंगवरचा हात अजून काढला नव्हता.

"उद्या कुठला माल हाय?" त्यांनी विचारलं.

 आईनेच उत्तर दिलं, शिवता शिवता, मान वर न करता.

"टॉवेलच हायत. नागपूरला न्यायचेत."