जिनिंग सुरू झाली की बोलावतो

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि गंमत बघा — गंमत तरी कशी म्हणू — मी ते खोटं बोललो तेव्हा ती आतच चहा ठेवत होती. शब्द तिच्या कानावर पडलेही असतील. पण त्यात खोटं काय होतं, हे तिला कुठून कळणार?

जिंतूर रोडला एक जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना, तिथं मी सुपरवायझर. हंगाम आला की गावातल्या, आसपासच्या बायका कामाला यायच्या. ढिगातला कापूस टोपल्यात भरायचा, त्यातली किडकी कवडी, काडीकचरा काढायचा आणि मशीनवर टाकायचा. तोंडाला फडकं बांधलेलं, तरी भुवयांत, केसांत कापूस अडकलेला असायचा. कुणाला कामावर घ्यायचं हे शेठ माझ्यावर सोडायचे. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास बायका माझ्या दारात येऊन बसायच्या. ‘दादा, आमचं ध्यानात ठिवा,’ म्हणायच्या. मला ते आवडायचं. खरंच आवडायचं. माझ्यासारख्या बारावी नापास माणसाची दुसरं कोण वाट बघणार होतं?

आमच्याकडं कामाचं कसं आहे, ते काय सांगू? खुरपणी तणनाशकानं खाल्ली. सोयाबीनची सुगी मशीननं उरकायला लागली. शिकलेली पोरं भरतीच्या नादात सकाळी डांबरी रस्त्यावर पळतात आणि दिवसभर चौकात उभी असतात. बायांना उरली होती ती कापसाची वेचणी, आणि ती सरत आली की जिनिंग.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेठनी मला बोलावून नवी यंत्रं दाखवली. पाइप ढिगातला कापूस ओढून घेतो आणि थेट मशीनवर नेऊन टाकतो. शेठ म्हणाले, बायका आता लागायच्या नाहीत, तूच सांगून टाक, तुझं ऐकतात त्या. मी काय विचारलं असेल? बायांचं नाही विचारलं. माझं काय, एवढंच विचारलं. तू आहेसच, म्हणाले. मी गाडीला किक मारली आणि घरी येईपर्यंत गुणगुणत आलो — हेही आज सांगूनच टाकतो.

सांगायचं ठरवलं होतं, अगदी खरं. पण दुसऱ्याच दिवशी बायका दारात, आणि सगळ्यांच्या पुढं कौसाबाई. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याहून थोडी मोठी. नवरा वारलेला, पोरगी परभणीला कॉलेजात. जिनिंगला बायका गोळा करायच्या त्या तिनंच. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘यंदा नवीन मशीन बसवायलेत, जरा उशीर हाय. जिनिंग सुरू झाली की बोलावतो.’

जीभ चुकली म्हणावं का? नाही. समोर बसलेल्या बायांचे चेहरे उतरलेले मला बघायचे नव्हते, एवढंच.

मग रोज वाटायचं, उद्या सांगू. काही बायका पुण्याकडं कामाला निघाल्या होत्या, कौसाबाईनं त्यांना थांबवलं. दादानं शब्द दिलाय, म्हणाली. हे माझ्या कानावर आलं. तरीही मी —

तरीही मी गप्प बसलो.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ती एकटीच आली. ओट्यावर बसली. म्हणाली, ‘दादा, शाळेत खिचडी शिजवायला बाई पाहिजे म्हणायलेत. हेडमास्तरनं मला इचारलंय. पैसा कमी हाय, पण बारमाही हाय. जिनिंग सुरू व्हनार असंल तर मी न्हाई म्हणते. तुमी सांगाल तसं.’

तुमी सांगाल तसं. एका शब्दाचं काम होतं. घ्या म्हणायचं — मशीनचं काही बोलायचीही गरज नव्हती. पण घ्या म्हटलं असतं तर तिनं कामून म्हणून विचारलं असतं, आणि इतके दिवस मी काय करत होतो तेही निघालं असतं. मी हसलो. म्हणालो, ‘तुमच्याबिगर जिनिंग चालते का कौसाक्का?’

ती खूश होऊन उठली. चहालाही थांबली नाही. शाळेत नाही म्हणून आली, आणि ते काम दुसऱ्या बाईला लागलं.

जिनिंग सुरू झाली त्याचा आवाजच रस्त्यापर्यंत गेला. मी बोलावलं नव्हतं, तरी बायका भाकरी बांधून गेटवर आल्या. मी वॉचमनला सांगितलं, सुपरवायझर परभणीला गेलेत म्हण. आणि कापसाच्या ढिगामागं जाऊन उभा राहिलो. गेटवर तिचा आवाज ऐकू येत होता, दादा आले की आमाला आत घेतील, जरा बसू द्या. दुपार कलेपर्यंत त्या उन्हात बसल्या. मग बोलणं थांबलं. मी बाहेर आलो तेव्हा गेटवर कुणी नव्हतं.

पोरीचं कॉलेज सुटलं. उन्हाळ्याच्या आत मायलेकी घराला कुलूप लावून पुण्याकडं गेल्या, कुठल्याशा कंपनीत माल पॅक करायला. निरोप घ्यायला ती माझ्या घरी आली होती. मी मागच्या दारानं निघून गेलो.

गेल्या वर्षी जिंतूरच्या बसस्टँडवर ती दिसली. मी वळायच्या आत तिनं हाक मारली. वाळली होती. पोरगीही सोबत होती, कडेवर लेकरू. कौसाबाई तिला म्हणाली, ‘पाया पड, दादा हायत. लय जीव लावला आमाला. मशीन आली, त्येला ते तरी काय करतील?’ पोरगी वाकली. मी मागं सरकलोही नाही.

मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘तुमाला तरी कुठं म्हाईत होतं, दादा.’

मी म्हणालो, ‘न्हाई ना.’

माहीत होतं. तिनं शाळेचं काम सोडलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मला माहीत होतं.