मोहाचं तेल आणि तांब्याची पट्टी

ऐंशी सालानंतरची गोष्ट. भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही नवे होतो. तिथल्या एका साहेबांची बायको पुण्याकडची. ती रंगीत काचेचे लटकन, कानातले करायची. तिच्या व्हरांड्यात आम्ही दोघी कामाला. दुसरी बौद्ध वस्तीतली, माझ्याहून थोडी मोठी. ती काचेचे तुकडे साबणाने धुऊन, पुसून द्यायची. मी त्यांच्या कडेला तांब्याची पातळ चिकट पट्टी लावायची. काच पट्टीच्या बरोब्बर मधोमध धरायची, दोन्ही बाजू सारख्या दुमडायच्या आणि बांबूच्या कामटीने घासून बसवायच्या. मग बाई त्यावर वितळलेल्या कथलाचा डाख देऊन तुकडे जोडत. मला या कामाचा भारी तोरा होता. धुणारीपेक्षा आपण वरचे, असं मी मनात पक्कं धरलं होतं.

त्या हिवाळ्यात माझे हात फुटले. आमच्या ब्रह्मपुरीकडे अशा वेळी मोहाच्या बियांचं तेल चोळतात. मीही चोळायची, आणि बाईंना वास येऊ नये म्हणून वरून पावडर लावायची. शहाणपण बघा! तेलकट बोटांनी धरलेल्या काचेवर पट्टी टिकणार कशी? एके दुपारी डाख देताना एकामागून एक पट्ट्या सुटल्या. प्रदर्शनासाठी केलेला अख्खा ट्रे वाया गेला.

"काच नीट पुसली नव्हती का?" बाईंनी विचारलं.

"पुसायचं माझ्याकडे नसतं," मी म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते जास्त नीच होतं.

"मी तं तीनदा धुतली, बाई," ती म्हणाली. बाईंनी तिच्या हातांकडे पाहिलं, माझ्या नाही. उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

मी तिच्यामागे फाटकापर्यंत गेले. ती थांबली.

"तुह्या हाताले मोहाच्या तेलाचा वास येते. माह्याही घरी तेच तेल हाय. पण मी राखेनं हात धुवून कामाले येतो."

मी विचारलं, "मंग तिथं सांगितलं काऊन नाई?"

"माहं कोणं खरं मानलं असतं? तू बोलली असती तं मानलं असतं."

ती गेली. मला तेव्हाच परत जाता आलं असतं, व्हरांडा वीस पावलांवर होता. काम जाईल ही भीती होतीच, पण आपण खेडवळ तेल लावतो हे बाईंना कळेल, याची लाज जास्त वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी राखेने हात धुऊन गेले. काच मीच धुतली, मीच पुसली. पट्टी अशी बसली की नखानेही निघेना. डाख झाल्यावर बाई खूश झाल्या.

"बघितलंस? पुसणारे हात बदलल्याबरोबर काम कसं झालं!"

मी "हो" म्हणाले.