धरणगाववालीची साक्ष

सुरतेत आमच्या बमरोलीच्या चाळीत बायकांना नावानं कोणी हाक मारत नसे. जिचं माहेर जिथलं, ती तिथली. मी अमळनेरवाली, समोरची पाचोरेवाली, आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची ती धरणगाववाली. भिंत म्हणजे एका विटेची. तिच्याकडे फोडणी पडली की ठसका मला लागायचा, आणि तिच्या नवऱ्याचा हात चालायला लागला की ते पहिलं मलाच कळायचं.

माझा नवरा पांडेसऱ्याच्या रंगाईच्या मिलमध्ये होता, तिचा लूमवर. लूमच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. खात्यातून सुटलेला माणूस घरी आला तरी त्याच्या कानात खटखट चालूच असते, म्हणून ही माणसं घरातही ओरडून बोलतात. पण तिचा नवरा नुसता ओरडायचा नाही. गुजरातेत दारूबंदी आहे असं म्हणतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशवीत दारू मिळायची, तिला सगळे पोटली म्हणायचे, आणि ती कुठं मिळते हे पोलिसांनाही ठाऊक होतं. तो पोटली पिऊन यायचा आणि तिला मारायचा. मी भिंतीवर लाटणं आपटायची. त्यानं फरक पडायचा नाही, पण मला गप्प बसवत नसे.

मार तिनं अंगवळणी पाडून घेतला होता. तिला भीती होती ती वेगळीच. तिला एकच मुलगी, सात-आठ वर्षांची, गोरीपान, आईच्या पदराला चिकटलेली. सासरचे लोक उठता बसता ऐकवायचे की तुला नांदायचं नसेल तर खुशाल जा, पोर मात्र इथंच राहील. तिच्या दोन दिरांची बिऱ्हाडं त्याच चाळीत, भाऊबंद दोन गल्ल्या सोडून. एकदा नळावर ती मला हळूच म्हणाली, "बहीन, माले कमाई करनी शे. मन्ही कमाई ऱ्हायनी ते मी पोरले लिसन कोठेबी ऱ्हासू." मुलीला घेऊन वेगळी खोली करायची, एवढंच तिचं स्वप्न. ते तिनं माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी अर्धी वस्ती गाड्यांना लोंबकळत खानदेशात पळाली होती. परत आलो तेव्हा ख्रिस्ती मंडळींची एक संस्था वस्तीत गोळ्या वाटत होती. गोळ्या संपल्या, मंडळी राहिली. बमरोलीच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं त्यांचं प्रार्थनाघर होतं. त्याच्या मागच्या खोलीत त्यांनी बायकांसाठी शिवणवर्ग काढला. शिवण शिकवायचे आणि वर 'जगण्याची कौशल्यं' म्हणून एक तास घ्यायचे. त्या तासाला सही कशी करायची, बस कशी बदलायची, कारखान्याच्या सेठशी बोलताना मान वर कशी ठेवायची, असलं सगळं. आम्ही पदराआड हसायचो. माझी सासू म्हणाली, "मान वर ठेवानं तुले शिकाडनं पडत नही."

शिकवणारी बाई नवापूरकडची होती, सगळे तिला टीचर म्हणायचे. काळीसावळी, शिडशिडीत, स्वतः गरिबीतून वर आलेली. खरं सांगायचं तर इतकं जीव लावणारं माणूस मी पाहिलं नाही. कोणाची शिवण वाकडी गेली तर रागवायची नाही, शेजारी बसून टाके उसवू लागायची. धर्म बदला असं तिनं आम्हाला कधी म्हटलं नाही. वर्गाच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायची, आम्ही त्या वेळात बॉबिन भरून घ्यायचो.

धरणगाववालीला हात होता. परकराचा नेफा ती अशी घालायची की उलटा करून पाहिला तरी टाका दिसू नये. पांडेसऱ्याला परकरांचा एक कारखाना होता, त्याच्या मालकाशी टीचरनं बोलून ठेवलं होतं. आमच्या वर्गातल्या दोघींना तो घेणार होता, तिला आणि मला. शिवाय वर्ग पुरा करणाऱ्या प्रत्येकीला संस्थेकडून एक पायमशीन मिळायचं होतं. ती बोटांवर दिवस मोजत त्याची वाट पाहत होती.

तो दिवस ठरला. मुंबईच्या मुख्य कार्यालयातली माणसं येणार होती, सोबत परदेशी पाहुण्याबाई. टीचर म्हणाली, "घरच्या सगळ्यांना घेऊन या. नवऱ्यांना तर आणाच. तुम्ही काय शिकलात ते त्यांना दिसू दे." आणि मग म्हणाली, प्रत्येकीनं साक्ष द्यायची.

कोर्टातली साक्ष सोडून दुसरी साक्ष आम्हाला माहीत नव्हती. टीचरनं समजावलं. मंडळीसमोर उभं राहायचं, पूर्वी आपण कसे होतो, मग काय घडलं आणि आता कसे आहोत, ते मनापासून सांगायचं. तिनं तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते भयंकर प्यायचे. एका रविवारी चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उभे राहिले आणि भाताचं पातेलं बायकोच्या अंगावर कसं फेकलं ते रडत रडत सांगितलं. गावही रडलं. त्या दिवसापासून त्यांनी दारूला हात लावला नाही. सांगताना टीचरचे डोळे भरून आले. आजीच्या काढ्यावर विश्वास असतो तसा तिचा साक्षीवर होता.

मला तेव्हाच ते पटलं नव्हतं. आमच्यात झाकली मूठ सव्वा लाखाची. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगायचं कोणाला? मी धरणगाववालीला वाटेत म्हटलं, "बाई, काहीतरी गोड गोड बोल आणि बस खाली." ती म्हणाली, "टीचरनी खरं सांगाले लायेल शे." जिनं जन्मात कोणाच्या चांगुलपणाची भाकर खाल्ली नव्हती, तिला त्या एका बाईचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता.

प्रार्थनाघर भरलं होतं. सतरंजीवर पुढं पोरं, त्यांच्या हातात बिस्किटं. धरणगाववालीची मुलगी अगदी पहिल्या रांगेत होती. मागं बाया, आणि भिंतीकडेनं पुरुष, रातपाळीहून तसेच आलेले, केसांत धाग्याची कुसळं. तिचा नवरा होता, दोघे दीर होते. पाद्रीसाहेब आमचं बोलणं पाहुण्याबाईंना इंग्रजीत सांगत होते.

माझी पाळी आली. मी सांगितलं की पूर्वी मी फार तापट होते, इथं आले आणि माझा राग गेला. माझी सासू जी हसायला लागली ती थांबेचना, तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पाहुण्याबाईंना काही समजलं नाही, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धडधडीत खोटं बोलले होते आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

मग ती उभी राहिली. डोक्यावर पदर, पण मान वर, शिकवली होती तशी. टीचरनं पाठीवर हात ठेवला.

"मन्हा नवरा पोटली पिसन येस नि माले मारस," ती म्हणाली. "सासरना लोके म्हनतस, तुले जानं व्हई ते जाय, पोर आठेच ऱ्हाई. पह्यले मी रडे. आते माले शिवता येस. आते मी कमाई करसू, खोली लिसू, नि मन्ही पोरले लई जासू."

एवढे दिवस जे तिनं पोटात दडवून ठेवलं होतं, तेच तिनं ज्यांच्यापासून दडवायचं त्यांच्या तोंडावर सांगितलं. पाद्रीसाहेबांनी इंग्रजी केलं. पाहुण्याबाई रडायला लागल्या, उठून त्यांनी तिला छातीशी धरलं. टाळ्या पडल्या. मी मागं वळून पाहिलं. सगळे वाजवत होते म्हणून तिचा नवराही टाळ्या वाजवत होता. दीर वाजवत नव्हते.

नवऱ्यानं तिचं मशीन खांद्यावर घालून घरी आणलं. त्या दिवशी त्यानं तिला हातही लावला नाही. ती मला भिंतीपलीकडून म्हणाली की त्यानं जेवताना वाटीत आणखी वरण मागितलं आणि बरं झालंय म्हणाला. टीचरचं औषध लागू पडलं असं तिला वाटलं असणार. मलाही क्षणभर वाटलं.

पण खात्यात माणसं असतात. दुसऱ्या दिवसापासून लूमवाले त्याला चिडवायला लागले. "काय रे, तुन्ही बायको खोली ली ऱ्हायनी म्हने? तुले ठेवी का बरोबर?" एक थांबला की दुसरा. लूमच्या खटखटीवर मात करायला हे सगळं ओरडून चालायचं, म्हणजे अख्ख्या खात्याला ऐकू जायचं. मार देणारा म्हणून त्याला कोणी कमी लेखलं नव्हतं. बायको सोडून जाणार, हे मात्र सगळ्यांना कमीपणाचं वाटलं. आमच्या लोकांची अब्रू अशी चमत्कारिक जागी असते.

त्या आठवड्यात धरणगाववाली आणि मी कारखान्यात जायला लागलो होतो. ती वाटेनं गुणगुणायची. मी तिला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं. आम्ही कामावर असतानाच इकडे भाऊबंद तिच्या खोलीत जमले. माझ्या सासूनं दारातून सगळं ऐकलं. थोरला दीर म्हणाला, पोर आपली आहे, ती आपल्या गावात वाढेल. नवरा मान खाली घालून बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही. सासूनं मध्ये तोंड घातलं तर तिला सांगितलं, आजी, तुमच्या घरचं तुम्ही पाहा. दुपारच्या भुसावळच्या पॅसेंजरनं धाकटा दीर मुलीला घेऊन गेला.

आम्ही संध्याकाळी परतलो. खोलीत तिनं पिशवी ठेवली, मुलीला हाक मारली, मग मोरीत पाहिलं, मग बाहेर आली आणि गल्लीभर हाका मारत फिरली. कोणी सांगेना. शेवटी सासूकडून कळलेलं मीच तिला सांगितलं, कारण दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

ती नेसत्या साडीनिशी नवऱ्याच्या गावी गेली. सासरच्यांनी दार उघडलं नाही. तिथून भाऊ तिला धरणगावला घेऊन गेला. भाऊ गरीब, त्याला चार पोरं, पोलिसात जायची त्याची छाती नव्हती. ती पुन्हा सुरतेला आली नाही.

टीचर आणि पाद्रीसाहेब तिच्या नवऱ्याशी बोलायला आले तेव्हा भाऊबंदांनी त्यांना गल्लीतूनच परत पाठवलं. तुम्ही लोक घरं फोडता, म्हणाले. काही दिवस वर्ग बंद राहिला. टीचर मग एकटी माझ्याकडे आली, उंबऱ्यावर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "मी तिला फक्त खरं बोलायला सांगितलं हो," म्हणाली.

मी तोंडाची फटकळ. मी म्हटलं, "टीचर, तुमच्या वडलांनी स्वतःचं पाप सांगितलं. पाप करणाऱ्यानं उभं राहायचं होतं. तुम्ही मार खाणारीला उभं केलं, आणि मारणाऱ्यांना समोर बसवून ऐकवलं."

मी चहा केला, तिनं घेतला नाही. पुढच्या तुकडीसाठी तिनं साक्ष ठेवायची नाही असं ठरवलं होतं, पण मुंबईच्या लोकांना ती हवीच होती. पाहुणे एवढ्या लांबून येतात ते काही परकर पाहायला येत नाहीत. म्हणून ती चालूच राहिली, फक्त टीचरचा आवाज त्या दिवशी बसलेला असायचा.

कारखान्यात तिच्या जागी दुसरी आली. मी काम सोडलं नाही, सोडून कोणाचं भलं होणार होतं? परकरावर परकर शिवत राहिले. शेजारच्या खोलीत तिचं मशीन गोधडी टाकून झाकलेलं होतं.

दोनेक वर्षांनी तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली, पहिलीला न सोडताच. ही शहाद्याकडची, अगदी कोवळी, हातावरची मेंदी अजून गेली नव्हती. घरकामाला हात लागावा म्हणून मुलीलाही गावाहून परत आणलं. ती उंच झाली होती, केस कापलेले, आणि कोणी हाक मारली तर उत्तर देण्याआधी इकडेतिकडे पाहायची. आईचं नाव तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही, कारण भिंत एका विटेची होती.

एका सकाळी तो बायकोला आणि मुलीला घेऊन माझ्या दारात आला. हसत होता, पोटली अजून पोटात गेली नव्हती. "वहिनी," म्हणाला, "हिले बी तठे घाली द्या. मशीन घरमा पडेल शे. शिवाले शिकनी ते घरमा चार पैसा येतीन." माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण नवी नवरी माझ्याकडे आशेनं पाहत होती. बरं म्हटलं. तो खात्यात निघून गेला.

नवरी उंबऱ्यावर टेकली. वर्गात काय काय शिकवतात, टीचर कशी आहे, मारते का, असं सगळं विचारायला लागली. मी सांगत होते. मुलगी शेजारी तांदूळ निवडत बसली होती, तिचं लक्ष नाही असं मला वाटलं. टीचर फार चांगली आहे, मी म्हटलं, जीव लावते.

तेव्हा मुलीनं सुपावरून मान वर न करता नवरीला सांगितलं, "शेवटले तठे उभं करतीन. समदा लोके समोर ऱ्हातीन. तव्हय काहीच नको सांगजो."