नवस फिटल्यानंतर

शेवटचं रेडिएशन झालं त्या दिवशी आमच्या ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. वर्षभर ज्यांनी कॅन्सर हा शब्द तोंडातून काढला नव्हता, ते सगळे पेढा तोंडात टाकून "सुटलीस बघ!" म्हणून गेले. त्याच आठवड्यात ज्योतिबाला जाऊन नवस फेडला. मी बरी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असा ह्यांचा नवस होता. शिरोलीच्या फौंड्रीत काम करणारा माणूस. शेडमध्ये बूट घालणं भाग होतं, पण गेटबाहेर आले की अनवाणी. टाचांच्या भेगांत बोट जाईल अशी अवस्था झाली होती. नवस फिटला, नवी चप्पल आली, आणि मी बरी झाले. म्हणजे तसं सगळ्यांनी ठरवलं.

माझं मात्र तिथून बिघडलं. उपचार चालू होते तेव्हा डॉक्टर होते, तारखा होत्या, जावेचा डबा होता. आता कुणीच नाही. पाठीत चमक आली की वाटायचं, हाडात गेला. ऑफिसच्या बाथरूममध्ये दिवसातून दहादा काख चाचपायची. भाजी चिरता चिरता हात थांबायचे आणि पुढं काय करायचं तेच आठवायचं नाही. बोलायला गेलं की सासूबाई गप्प करायच्या. "नवस फिटलाय बाई. आता असलं बोलून देवाला खोटं पाडतीस व्हय?" पुढं पुढं मला त्या चपलेचाच राग यायला लागला. दारात ती दिसली की डोकं फिरायचं.

मी शाहूपुरीत एका गुळाच्या व्यापाऱ्याकडं टायपिस्ट होते. शेजारच्या इमारतीत, जिना चढून गेलं की, सायबर कॅफे निघाला होता. रेडिएशनच्या वेळी बाकावर बसून बसून समोरच्या भिंतीवरचा एक कागद पाठ झाला होता. उपचार संपलेल्यांनी या वेबसाइटवर मनातलं लिहावं, समुपदेशक बाई उत्तर देतील, असं त्यावर होतं. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर गेले. चपला बाहेर काढायच्या, वहीत सही करायची, पडदा ओढून प्लायवूडच्या केबिनमध्ये बसायचं. आजूबाजूला कॉलेजची जोडपी. मला बघून ती आधी दचकायची आणि मग फिदीफिदी हसायची. हसू देत, मेली. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून मी लिहिलं, 'मला भीती वाटते.' तीनच शब्द, आणि ते लिहिताना पदर तोंडात कोंबून रडले.

त्या बाईंचा चेहरा मी कधीच पाहिला नाही. 'धीर धरा' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उपचार संपल्यावर पुष्कळांची भीती वाढते, तुम्हाला वेड लागलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या उत्तराचा छापून घेतलेला कागद मी महिनाभर डब्याच्या पिशवीत घेऊन हिंडले. मग एकदा त्यांनी विचारलं, घरात निदान एका माणसाला हे सांगाल का? का सांगता येत नाही ते मी लिहीत होते, तेवढ्यात पडदा सरकला.

दारात हे उभे. तुमची बायको पोरापोरींच्या केबिनमध्ये बसते म्हणून फौंड्रीतल्या कुणीतरी कान भरले होते. चेहरा असा, की शेजारची दोन जोडपी धूम पळाली.

"कुणाला लिवतीस?"

"एका बाईंना. माझ्या दुखण्याबद्दल."

"दुखणं गेलं की तुझं. काय लिवलंयस ते वाच."

ह्यांना इंग्रजी अक्षरं लागत नसत. काहीही वाचून दाखवता आलं असतं. पण मी फार थकले होते. जे होतं तेच वाचलं.

'मला रोज वाटतं तो परत आलाय. कशाला जगायचं, असंही वाटतं. पण माझ्यासाठी हा माणूस वर्षभर अनवाणी चालला. त्याला कुठल्या तोंडानं सांगू की मी बरी झालेली नाही?'

ह्यांनी मागचा पडदा ओढून घेतला. मग म्हणाले, "माझीच घाई झाली."

"कसली?"

"डॉक्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलंतं. पाच वर्सं ध्यान ठेवाय पायजे म्हणून. तरी चप्पल घातली मी. तुला वाटावं, बरी झालीस." आणि पडद्याकडं बघत म्हणाले, "मलाबी भ्या वाटतंय की."

ते जिना उतरून गेले. मी वहीत सही करून बाहेर आले, तर दारात ह्यांची चप्पल तशीच. ती उचलून मी मागं धावले. एप्रिलचं ऊन, डांबर पाघळलेलं, आणि हे अनवाणी चाललेले.

"अहो, घाला ही."

"ऱ्हाऊ दे. तू बरी हो आधी."

खरं बोलल्याचं हे फळ. आता पाच वर्षं हा माणूस असा भाजत चालणार आणि मी रोज त्याचे पाय बघायचे. मी भर रस्त्यात चप्पल त्यांच्यापुढं आपटली.

"नाही होणार बरी, कदाचित. तरी घाला."

माणसं थांबून बघायला लागली. हे माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं, आणि तसंच रडत रडत त्यांनी चप्पल पायात घातली.