बिडीची सुट्टी

जिनिंगमध्ये बिडी ओढणाऱ्याला सुट्टी मिळते, न ओढणाऱ्याला मिळत नाही. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पण वाटूर फाट्याकडच्या आमच्या जिनिंगमध्ये तो सगळे पाळतात. आत कापसाचे ढीग, एक ठिणगी पडली की सगळं खाक. म्हणून गेटवरचा वॉचमन आत शिरतानाच बिड्या आणि काडेपेट्या काढून ठेवून घेतो. मधल्या वेळी मुकादम ओरडतो, "जा, बिडी मारून या, जल्दी." मग ओढणारे आपापलं बंडल घेऊन रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली जातात आणि न ओढणारे तिथंच कापूस लोटत राहतात. निर्व्यसनी माणसाला दम लागत नाही, असं आमच्या मुकादमाचं ठाम मत असावं.

त्या बाभळीखाली मी आणि माझा जोडीदार कितीतरी हंगाम बसलो. तो आष्टीकडचा. घरी मोठा भाऊ अजून मेंढरं राखतो, हा मात्र मेंढरांमागं फिरणं सोडून जिनिंगच्या कामाला लागलेला. अंगानं दांडगा, बोलायला गोड, आणि बिडीच्या बाबतीत माझ्याही पुढचा. यंदा हंगाम सुरू झाला आणि काम करता करता त्याच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या दिल्या आणि आजपासून बिडी बंद म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "माझ्या एकट्याच्यानं व्हायचं न्हाई गड्या. तू बी सोड."

मला रागच आला. दुखलं याच्या छातीत आणि बिडी सोडायची मी, हा कुठला न्याय? मी तसं बोलूनही दाखवलं. तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. एवढा दांडगा गडी भ्यालेला मी कधी पाहिला नव्हता. मी म्हणालो, बरं.

आमचं ठरलं ते असं : ज्याला तलफ अनावर होईल त्यानं आधी दुसऱ्याला सांगायचं, आणि मग दोघांनी मिळून ओढायची. एकट्यानं चोरून नाही. म्हणजे मोडायचं तर दुसऱ्यालाही बुडवून मोडायचं. त्याची छाती माझ्या हातात आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून मी तोंड उघडलं नाही. त्यानं का उघडलं नाही ते तोच जाणे.

पहिल्या दिवशी आम्ही बाहेर गेलोच नाही. मुकादमानं लगेच दोघांना ज्यादाच्या कामाला जुंपलं. संध्याकाळी जोडीदार म्हणाला, "आपण बिडी सोडली का बसणं सोडलं?" तेव्हापासून आम्ही पुन्हा सुट्टी घ्यायला लागलो. वॉचमनकडून बंडल मागून घ्यायचं, खिशात टाकायचं, बाभळीखालच्या धुरापासून लांब, रस्त्यावरच्या पुढच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन फुटाणे खात बसायचं आणि येताना बंडल तसंच परत द्यायचं. मुकादमाला कळलं असतं तर सुट्टी गेली असती.

ते दिवस कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. डोकं जड, तोंड कडू, सकाळी पोट साफ होईना. हात आपोआप खिशाकडं जायचा. खोकला कमी होईल म्हणून बिडी सोडली, तर खोकला दुपटीनं वाढला. जोडीदार म्हणायचा, "आतला सगळा धूर आता निघायचं भाडं मागून राह्यलाय." मोरीवर आम्ही एकमेकांना असं हसवायचो. एकाचं तोंड उतरलं की दुसरा काहीतरी उकरून काढायचा. तिथं आम्ही एकमेकांशी जितकं गोड वागलो तितकं आजवर कोणाशी वागलो नसू.

चीड मात्र यायचीच. ती जिनिंगमध्ये काढता येत नाही, मुकादम पुन्हा दारात उभं करणार नाही. मोरीवर काढावी तर समोरचाही त्याच दुखण्यातला. मग ती घरी जायची. भाजीत मीठ कमी का, दार उघडं का, पाणी गरम का नाही. एक दिवस तो म्हणाला, "काल ताटच सारलं गड्या. काही कारण न्हाई, बिलकुल काही न्हाई." मी म्हणालो, माझ्याकडंही तेच चाललंय. आणि आम्ही दोघं हसलो.

मी त्याला विचारलं होतं, वहिनीला का सांगत नाहीस? तो म्हणाला, "कितींदा सांगितलं तिला. लेकरांच्या डोक्यावर हात ठिवून शपथा घेतल्या न् मोडल्या. आता मी सोडली म्हणलं तर तिला हसूच येईल. संक्रांतीपातूर टिकू दे. तिळगूळ देताना सांगतो." मला ते पटलं. मीही माझ्या घरी सांगितलं नव्हतं. दोघांच्याही खिशात बंडल दिसायचंच, त्यामुळं घरी कोणाला शंका आली नाही.

संक्रांत तोंडावर आली होती तेव्हा एका सकाळी त्याच्या भावाचा फोन आला. कामावर निघायच्या तयारीत असताना जोडीदाराच्या छातीत कळ आली, गाडीत घालून जालन्याला निघाले, दवाखाना गाठायच्या आधीच सगळं संपलं. मयतीला गेलो तेव्हा एक जण म्हणाला, बिडीनं नेला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी बोलून कोणाचं काय भलं होणार होतं?

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड मांडले, पानावर त्याच्या आवडीचं सगळं ठेवलं : वरणबट्टी, भजी, कपात चहा. कावळे समोरच्या कडुलिंबावर बसलेले, पण खाली उतरेनात. आमच्याकडं कावळा शिवला नाही की गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात. भावानं हात जोडून लेकरांना सांभाळीन म्हणून सांगितलं. म्हाताऱ्या आईचं नाव घेतलं. कावळे जागचे हलले नाहीत. मग कोणीतरी म्हणालं, बिडी राहिली की. भावानं खिशातून बंडल काढलं आणि ते माझ्यासमोर धरलं. "तुम्हीच लावा. तुमच्यासंगंच ओढायचा त्यो."

पिंडावर ठेवायची बिडीसुद्धा आधी कोणाला तरी ओठात धरून पेटवावी लागते. मी म्हणालो, "त्यानं सोडली होती हो." भावाला वाटलं मी दुःखात काहीबाही बोलतोय. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच बिडी पेटवून पानाच्या कडेला ठेवली.

धूर माझ्याकडं आला. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. समोर त्याचे पिंड आणि मला तलफ आलेली. इतके दिवस ज्याला सांगायचं ठरलं होतं तो सांगायला राहिला नव्हता. मला स्वतःची किळस आली आणि त्याचवेळी त्याची एवढी आठवण आली की मी पाण्याकडं तोंड करून रडलो. मागं गलका झाला. कावळा उतरला होता आणि भजं घेऊन गेला होता. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं, बिडीतच जीव अडकला होता.

ही बातमी आमच्या आधी त्याच्या घरी पोचली. जेवणं उरकल्यावर वहिनी ओसरीला आल्या, खाली बसल्या आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. "मेल्यावर बी बिडीच लागली, भाऊजी. आमी कोणीच न्हाई आठवलो." मग थांबून म्हणाल्या, "शेवटी शेवटी लय बदलले होते. माझ्या हातचं गोड लागंना. पोरीनं हाक मारली तरी अंगावर जायचे. त्या सकाळी बी मी चहा ठिवला तर म्हणले, ऱ्हाऊ दे तुझा चहा. म्या बी मंग बोलले न्हाई. तसेच उठले, न् पडले. काय चुकलं व्हतं माझं, तेच आठवून राह्यले."

सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं तर या बाईच्या मनातलं एक शल्य निघेल, पण आपण ओळखलं नाही हे दुसरं शल्य बसेल. न सांगितलं तर तिचा नवरा शेवटी तिला विटला होता, हेच ती जन्मभर धरून बसेल. आणि ते खोटं होतं. मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी काय सांगितलं, आमचं काय ठरलं, मोरीवर बसून फुटाणे कसे खायचो, तो संक्रांतीला काय सांगणार होता, सगळं. चीड ही बिडी सुटण्याची असते वहिनी, माणसाची नसते, असंही म्हणालो.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा हलला नाही. मग त्यांनी विचारलं, "एकदा बी ओढली न्हाई?"

"एकदा बी न्हाई."

"न् तुमच्यावर चिडायचे का?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलायला हवं होतं, असं आता वाटतं. पण एवढं सगळं खरं सांगितल्यावर त्या ओघात तेही खरंच तोंडातून गेलं. मी म्हणालो, "न्हाई वहिनी. माझ्यासंग हसायचा."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नव्हत्या. पदरानं तोंड पुसून उठता उठता म्हणाल्या, "त्यातलं थोडं घरी आणलं असतं तर बरं झालं असतं, भाऊजी. मला बी साथ देता आली असती." आणि भांडी आवरायला आत गेल्या.