यवत ते शिरूर, शबानाच्या दुसऱ्या परीक्षेला

सकाळी सात वाजता शबाना यवतच्या चौकात स्कूटर घेऊन उभी होती. दुपारी दोनला शिरूरमध्ये तिची जपानीची तोंडी परीक्षा होती. पहिल्या वेळी ती नापास झाली होती. ही दुसरी, आणि तिच्या कंपनीच्या नियमाप्रमाणे शेवटची. पास झाली तर दोन वर्षं जपानच्या कारखान्यात प्रशिक्षण. नाही तर इथल्या कारखान्यातली तीच लाइन, तेच तपासणीचं टेबल. मी दर रविवारी दौंडला जपानीचा पहिला वर्ग घेते; ती माझी विद्यार्थिनी. त्या रविवारी वर्ग बंद ठेवला आणि तिच्या मागे बसले.

यवतहून शिरूरला जायचं तर राहूवरून जा. रस्ता अरुंद आहे, उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, पण दोन्ही बाजूंना हिरवं आहे आणि हायवेचा धूर नाही. न थांबता दोन तास पुरतात. आम्ही सात तास हातात ठेवले होते, कारण वाटेत उजळणी करायची होती.

जपानीचं पहिलं व्याकरण मराठी माणसाला जड नाही. क्रियापद शेवटी येतं. विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच शब्दाच्या मागे लागतात. 'मिझु ओ नोमिमास' म्हणजे पाणी पिते. मिझु पाणी, ओ हा प्रत्यय, नोमिमास पिते. पीत नाही म्हणायचं तर 'नोमिमासेन'. नकार अगदी टोकाला. लिंग नाही, वचनाची कटकट नाही. शबानाला हे सगळं पाठ होतं. स्कूटर चालवताना ती समोर दिसेल त्याची जपानीत वाक्यं करत होती. शेतकरी ऊस तोडतो. म्हैस पाणी पिते. म्हैस पाणी पीत नाही. चूक एकही नाही.

"मग मागच्या वेळी काय झालं?" मी विचारलं.

"परीक्षेच्या साहेबांनी जपानीत काम सांगितलं, हे उचल, ते ठेव. निम्मं कळलं न्हाई. त्यांनी विचारलं, समजलं का. मी म्हणलं, समजलं."

"का?"

"मोठ्या माणसाला परत सांगा कसं म्हणायचं, मॅडम? बरं दिसतं का?"

राहूच्या अलीकडे गुऱ्हाळ लागलं. या भागात आलात तर गुऱ्हाळावर थांबाच. दहा वाजायच्या आत गेलात तर ताजा गरम गूळ पानावर मिळतो. मालक आप्पा सत्तरीचे. कढईजवळ उत्तरेकडचा एक कामगार होता. आप्पांनी त्याला हिंदीत जाळ किती ठेवायचा ते सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"मुंडी मत हिला. क्या बोला मैंने, बोल."

त्यानं सगळं म्हणून दाखवलं. मधलं एक राहिलं होतं. आप्पांनी पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा म्हटलं. मग कामाला लागला.

"राग येत न्हाई का त्याला?" शबानानं विचारलं.

"राग? मागं एकजण नुसतं हाँ हाँ करायचा. आख्खी कढई करपवली त्यानं. आन् हात भाजला तो येगळाच." आप्पांनी आम्हाला न्याहाळलं. "तुमी कुठं निघालाय?"

"शिरूरला. परीक्षा हाय. जपानी भाषेची."

"आगं बया. मंग ऐक. त्या बारक्या ढेपा हायत ना, त्यातल्या डावीकडच्या दोन सोडून तिसरी घे, फडक्यात बांध, आन् फडकं वलं नगं."

"व्हय आप्पा."

"काय म्हणलो मी?"

शबानानं नुसतं ढेपांकडे पाहिलं. कामगार हसला.

"तिकडं जाऊन बी असंच व्हय व्हय करणार का? आगं, इचारलंस तर माझं काय झिजतंय?"

तिनं ओठ दाबले. मग म्हणाली, "आप्पा, परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिनं म्हणून दाखवलं आणि ढेप बांधली. आप्पांनी तिचे पैसे घेतले नाहीत.

पारगावला भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याला थांबलो. पिठलं-भाकरी, ठेचा, दोघींचे दोनशे रुपये. ठेचा जपून खा. जेवताना मी जपानीत मुद्दाम भरभर कामं सांगत राहिले: मीठ इकडे, पेला तिकडे, चमचा नको. समजलं म्हणायला बंदी. कळलं नाही की एकच वाक्य: 'मो इचिदो ओनेगाइशिमास'. पुन्हा एकदा सांगा, कृपया. पहिल्यांदा ते तिच्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघालं. विसाव्यांदा शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले. ती थांबली नाही.

शिरूरला दीडला पोचलो. परीक्षा एका कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर होती. मी खाली टपरीवर बसले. पावणेतीनला ती आली. चेहरा उतरलेला.

"तीनदा विचारलं मी. तिसऱ्या वेळी साहेबांनी पेन खाली ठेवलं."

"मग?"

"मग त्यांनी हळू सांगितलं. मी म्हणून दाखवलं. मग नटबोल्ट उचलले. बरोबर उचलले, मॅडम. पण पेन का ठेवलं?"

परतीच्या रस्त्यावर वाक्यं झाली नाहीत. न्हावऱ्याला तिनं स्कूटर हळू केली. मग म्हणाली, "नापास झाले तरी चालेल. कळलं न्हाई ते कळलं असं सांगून तर आले न्हाई."

निकाल बुधवारी लागला. पास झालेल्या चार जणांच्या यादीत तिचं नाव तिसरं आहे. सध्या ती पासपोर्टच्या मागे आहे.

मी घरी आहे आणि माझ्या वर्गाचा विचार करते आहे. तीन वर्षं मी प्रत्येक धड्याशेवटी विचारलं, समजलं का. बत्तीस मुली एका सुरात हो म्हणत आल्या आणि मी पान उलटत आले. निकालानंतरच्या रविवारी पहिला धडा पुन्हा काढला. शिकवलेलं एकेकीला म्हणून दाखवायला लावते. एका दिवसात पाच वाक्यं होतात. नऊजणी कंटाळून यायच्या थांबल्या. उरलेल्यांबरोबर मी अजून पहिल्याच पानावर आहे.