मथुराआजींचा ओटा

मथुराआजींना भांडी ओळखू यायची. बजाजनगरात आमच्या खोल्यांसमोर एक ओटा होता. दुष्काळात टँकर यायचा तेव्हा ओट्यावर वीस घरांच्या घागरी आणि हंडे लागायचे. रांग आजी राखायच्या. त्या धनगराच्या. चारा संपल्यावर फुलंब्रीकडची मेंढरं विकून मुलामागे इथे आलेल्या. शंभरातलं एकेक मेंढरू ओळखणाऱ्या बाईला वीस घागरींचं काय! कुणी नंबर टाकू म्हणालं, तर म्हणायच्या, "नंबर कामून? भांड्याला तोंड असतंय."

मी नवी सून, चौथी शिकलेली, कुणाशी बोलायची नाही. घागर ठेवली की घरात पळायची. एकदा त्यांनी हाताला धरून बसवलं. "तुझी घागर बी तुझ्यावानीच हाय गं, दुसरीच्या मागं लपती. बस. तुला कुणी खात नाय." टँकरला दोन-दोन तास लागायचे. त्या वेळात मी बोलायला शिकले. बाळाच्या पोटदुखीला काय द्यावं, कुणाला उलट उत्तर द्यावं, कुणाला देऊ नये, सगळं त्या ओट्यावर कळलं. भांडायलाही तिथेच शिकले.

मग घरोघरी नळ आले. आम्ही पेढे वाटले. खोल्यांचा मालक म्हणाला, आता ओटा पाडून गाड्यांना जागा करतो, कुणाची हरकत आहे का? "मग माणसं कुठं बसतील?" आजी म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर आणखी दोघी बोलल्या असत्या. पण आमच्या यांनी नुकतीच मोटारसायकल घेतली होती. मी तोंडाला पदर लावून खाली बघत राहिले.

ओटा गेला. घरी नळ असूनही आजी माझ्या दारात पाणी मागायला यायच्या. ते पाण्यासाठी नव्हतं, हे मला कळायचं. आधी मी त्यांना बसवायची. नंतर दार थोडंसंच उघडून तांब्या द्यायची, गॅसवर भाजी आहे म्हणायची. "कर बाई, कर," म्हणत त्या उभ्यानेच प्यायच्या. पुढे त्या यायच्या थांबल्या. मला हायसं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

एका सकाळी त्यांची सून घंटागाडीत आजींची गोधडी टाकताना दिसली. आजी गावाला गेल्या का, मी विचारलं. दवाखान्यातच वारल्या, तिकडूनच गावी नेलं, चार दिवस झाले, ती म्हणाली. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे.

"मला सांगायचं तरी."

"आले व्हते," ती म्हणाली. "तुमचं दार लावलेलं व्हतं. वाजवावं का नाय, कळंना. म्हून परत गेले."